सुईने पाहिलेली रिकामी जागा

माणिक हे रत्न तुम्हांला माहीत असेल. उर्दूत त्याला याकूत म्हणतात. त्याचा लालभडक रंग पाहिला, की ते एखाद्या फार दुर्मिळ पदार्थाचे बनले असावे असे वाटते. खरे म्हणजे माणिक हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आहे. भांडी बनवण्यासाठी वापरतात तोच ॲल्युमिनियम धातू आणि आपण श्वासाबरोबर घेतो तोच ऑक्सिजन वायू, यांचे हे संयुग. ते अगदी शुद्ध असेल, तर त्याचा स्फटिक काचेसारखा रंगहीन असतो. मग माणकाला लाल रंग येतो कोठून? त्या स्फटिकात काही थोड्या ॲल्युमिनियम अणूंच्या जागी क्रोमियमचे अणू जाऊन बसलेले असतात. त्या थोड्याशा पाहुण्यांमुळे सगळा स्फटिक लाल दिसतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. विज्ञानाच्या तासाला तुम्ही 'जौहर' आणि 'सालमा' हे शब्द शिकला आहात. मराठीत जौहर म्हणजे अणू आणि सालमा म्हणजे रेणू. या पाठात हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील.

स्फटिकात अणू कसे असतात? एखाद्या वर्गात बाके ओळीने मांडलेली असावीत आणि प्रत्येक बाकावर ठरलेला विद्यार्थी बसलेला असावा, तसे. पण रोज सगळेच विद्यार्थी हजर असतात का? एखाद्या बाकावर कोणीच नसते. कधी दुसऱ्या वर्गातला मुलगा येऊन बसतो. कधी कोणी बाक सोडून मधल्या वाटेतच उभा राहतो. स्फटिकातही असेच होते. जेथे अणू हवा तेथे तो नसतो किंवा भलताच अणू असतो. अशा ठिकाणाला शास्त्रज्ञ 'दोष' म्हणतात. दोष म्हणजे उर्दूतील नुक्स. मात्र हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. माणकाचा रंग हा दोषाचाच रंग आहे. त्या दोषाची किंमत जवाहिऱ्याला विचारा!

या पाठात आपण एकाच प्रकारच्या दोषाची गोष्ट पाहणार आहोत. धातूच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या अणूची जागा रिकामी राहते, तो हा दोष. आणि पाहणार आहोत एकाच पदार्थात. त्याचे नाव टायटॅनियम डायऑक्साइड.

नाव अवघड वाटले, तरी हा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. घराच्या भिंतीला किंवा दाराला जो पांढराशुभ्र ऑइलपेंट देतात, त्याचा पांढरेपणा बहुधा याच पदार्थामुळे येतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या समुद्रकिनाऱ्यावर काही ठिकाणी काळसर वाळू दिसते. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते. त्यात लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन असतात. अशाच खनिजापासून टायटॅनियम डायऑक्साइड तयार करतात. काळ्या वाळूतून पांढरा रंग निघतो, ही निसर्गाची गंमतच म्हणायची.

पण शास्त्रज्ञ या पदार्थाच्या मागे लागले, ते रंगासाठी नव्हे. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवला, तारेने तो प्लॅटिनमच्या पत्र्याला जोडला आणि स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकला. प्रकाश पडताच पाण्याचे विघटन होऊ लागले. एकीकडे ऑक्सिजन, दुसरीकडे हायड्रोजन. हायड्रोजन हे उत्तम इंधन आहे. ते जळाले की धूर होत नाही, पुन्हा पाणीच तयार होते. प्रकाश आणि पाणी यांपासून इंधन! ही कल्पना कोणाला आवडणार नाही? मात्र या पदार्थाला अतिनील प्रकाशच लागतो आणि सूर्यप्रकाशात त्याचा वाटा थोडा असतो. म्हणून हे इंधन अजून तुमच्या आमच्या चुलीपर्यंत आलेले नाही. ते यावे असे वाटत असेल, तर आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे. पाण्याचा रेणू या स्फटिकाच्या पृष्ठभागावर येतो, तेव्हा तो नेमका कोठे तुटतो?

शास्त्रज्ञांचा संशय रिकाम्या जागांवर होता. ऑक्सिजनचा अणू निघून गेला, की त्याचे शेजारी जणू जोडीदाराच्या शोधात असतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतोच. तो तेथे येऊन अडकत असला पाहिजे. तर्क चांगला होता. पण तर्क आणि पुरावा यांत फरक आहे. पुरावा हवा, तर ती रिकामी जागा पाहिली पाहिजे.

पाहायची कशी? या स्फटिकाच्या पृष्ठभागावर टायटॅनियमचे अणू ओळीने असतात आणि एका ओळीत दोन अणूंमधले अंतर सुमारे ०.३ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. तुमच्या पट्टीवरच्या एका सेंटिमीटरमध्ये असे तीन कोटींहून अधिक अणू एका ओळीत मावतात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. म्हणजे प्रकाशाची एक लहर हजारो अणूंवरून पसरलेली असते. तिला एकटा अणू कसा कळणार? जाड हातमोजा घालून तांदळातला खडा शोधण्यासारखेच ते आहे. म्हणून शाळेतल्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाला कितीही चांगले भिंग लावले, तरी त्यातून अणू दिसायचा नाही.

आता असा विचार करा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते ब्रेल लिपीतील पुस्तक कसे वाचतात? बोटांनी. बोट कागदावरून फिरते, उंचवटे कळतात आणि मनात अक्षर उमटते. शास्त्रज्ञांनी हीच युक्ती वापरली. मात्र त्यांचे बोट म्हणजे एक सुई होती आणि ती पृष्ठभागाला टेकतसुद्धा नव्हती.

हे यंत्र स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ रूश्लिकॉन या गावी, आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८१ साली तयार झाले. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर हे त्याचे निर्माते. टंगस्टनच्या तारेला इतके बारीक टोक काढायचे, की शेवटी एकच अणू पुढे राहील. हे टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्यायचे, एका नॅनोमीटरपेक्षाही जवळ. मग दोघांमध्ये थोडा विद्युतदाब द्यायचा. मध्ये पोकळी आहे, तार जोडलेली नाही. तरीही इलेक्ट्रॉन ती पोकळी ओलांडतात आणि अगदी थोडा विद्युतप्रवाह वाहू लागतो. डोंगर चढून न जाता बोगद्यातून पलीकडे निघावे, तसे हे इलेक्ट्रॉन जातात. म्हणून या यंत्राच्या नावातही बोगद्यासाठी असलेला 'टनेल' हा शब्द आला आहे.

या प्रवाहाचा एक गुण फार उपयोगाचा आहे. सुई फक्त ०.१ नॅनोमीटर दूर गेली, की प्रवाह सुमारे दहा पटींनी कमी होतो. तेवढीच जवळ आली, की दहा पटींनी वाढतो. प्रवाह मोजत सुई पुढे नेली, तर खालचा उंचसखलपणा कळतो. शेकडो ओळी अशा तपासायच्या आणि संगणकावर त्या एकाशेजारी एक मांडायच्या, की चित्र तयार होते.

पण सुई इतकी थोडी हलवायची कशी? तुमच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवण्याचा लायटर असेल. खटका दाबला, की ठिणगी पडते. त्यात एक खास तुकडा असतो. तो दाबला, की वीज निर्माण होते. याच्या उलटही होते. त्याला वीज दिली, की तो किंचित लांबतो किंवा आखडतो. दाबल्यावर वीज निर्माण होण्याचा गुण १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी शोधून काढला. सुई अशाच पदार्थाच्या आधारावर बसवलेली असते. थोडा विद्युतदाब दिला, की ती अणूच्या मापाने सरकते. कोणी शेजारून चालत गेले तरी त्या धक्क्याने चित्र बिघडू शकते. म्हणून बिनिग आणि रोरर यांनी आपले पहिले यंत्र चुंबकांच्या साहाय्याने चक्क अधांतरी तरंगत ठेवले होते! १९८६ साली त्या दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक एर्न्स्ट रुस्का हे त्यांचे वाटेकरी होते.

आता हे यंत्र टायटॅनियम डायऑक्साइडकडे नेऊ या. येथे पहिली अडचण येते. सुईत प्रवाह येण्यासाठी खालच्या पदार्थातून वीज वाहिली पाहिजे. शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइडमधून तर ती जवळजवळ वाहतच नाही. यावर उपाय निघाला, तोही दोषाचाच. हवा काढून घेतलेल्या पोकळीत हा स्फटिक काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की त्यातून थोडा ऑक्सिजन निघून जातो. जाणारा प्रत्येक अणू आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. या इलेक्ट्रॉनांमुळे स्फटिकातून वीज वाहू लागते. इतकेच नाही, तर आधी फिकट आणि पारदर्शक असलेला स्फटिक निळा होतो. जागा रिकामी झाली, म्हणूनच ती पाहता येते.

या स्फटिकाच्या एका विशिष्ट पृष्ठभागाची रचना शेतातील सरी-वरंब्यांसारखी असते. वरंबा म्हणजे मातीचा उंच बांध आणि सरी म्हणजे दोन बांधांमधील खोलगट पट्टी. येथे वरंब्यावर ऑक्सिजनचे अणू उभे असतात आणि सरीत टायटॅनियमचे. दोन वरंब्यांमधले अंतर सुमारे ०.६५ नॅनोमीटर. सुईने काढलेल्या चित्रात उजळ पट्टे आणि काळे पट्टे दिसले. तुम्ही म्हणाल, उजळ पट्टे म्हणजे वरंबे, दुसरे काय! उंच भाग सुईच्या जवळ येणार, प्रवाह वाढणार आणि चित्रात उजेड दिसणार. कोणालाही असेच वाटेल.

पण सुईला उंची कळत नाही. तिला कळतो तो प्रवाह. आणि इलेक्ट्रॉनांना जेथे जागा सोपी, तेथे प्रवाह जास्त. १९९६ साली उल्रीके डीबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगातील चित्रे आणि गणिताने काढलेली चित्रे ताडून पाहिली. उत्तर उलटे निघाले. उजळ पट्टे खोलगट सरीतील टायटॅनियमचे होते आणि उंच वरंबेच काळे दिसत होते. चित्र खोटे नव्हते. ते वाचायची रीत निराळी होती. उर्दू उजवीकडून डावीकडे आणि मराठी डावीकडून उजवीकडे वाचायची असते, हे तुमच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार?

मग रिकामी जागा कशी दिसत असेल? वरंब्यावरचा ऑक्सिजनचा अणू गेला, की त्या काळ्या पट्ट्यावर एक उजळ ठिपका दिसतो. जेथे काही नाही, तेथे उजेड! वरंब्यावरील शंभर जागांपैकी साधारण पाच ते दहा जागा अशा रिकाम्या असतात. शास्त्रज्ञ ठिपके मोजू लागले. २००१ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठातील गटाने दाखवले, की पाण्याचा रेणू तुटतो तो याच रिकाम्या जागांवर. संशय खरा ठरला होता.

गोष्ट येथे संपली असती, तर सोपी होती. पण पाण्याचा रेणू तुटतो तेव्हा काय होते, ते नीट पाहा. त्यातील ऑक्सिजन रिकाम्या जागेत जाऊन बसतो आणि त्याच्याजवळ एक हायड्रोजन राहतो. उरलेला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनवर जाऊन चिकटतो. म्हणजे रिकामी जागा भरते आणि वरंब्यावर हायड्रोजन घेतलेले दोन ऑक्सिजन तयार होतात. आता हायड्रोजन घेतलेला हा ऑक्सिजन चित्रात कसा दिसतो? काळ्या पट्ट्यावरचा उजळ ठिपका!

म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांचे अर्थ दोन. एक रिकामी जागा आणि दुसरा तीच जागा भरल्यानंतरचा हायड्रोजन. एक आजार, तर दुसरा आजार बरा झाल्याची खूण. दोन्ही सारखेच दिसू लागले, तर वैद्याने काय करावे? प्रयोगाच्या पेटीतून हवा जवळजवळ सगळी काढलेली असते. तरीही पाण्याचे थोडे रेणू आत उरतातच. शास्त्रज्ञ चित्र काढत असतात, तेवढ्या वेळात हे रेणू रिकाम्या जागा गुपचूप भरून टाकतात. सकाळी मोजलेले ठिपके आणि दुपारी मोजलेले ठिपके एकच नसतात. त्यामुळे काही वर्षे अनेक चित्रांत हायड्रोजनलाच रिकामी जागा समजले गेले. रिकाम्या जागा इकडून तिकडे कशा सरकतात, यावरही लेख लिहिले गेले.

हा घोळ २००५ आणि २००६ या वर्षांत सुटला. ऑर्हूसच्या गटाने अधिक स्पष्ट चित्रे काढली. त्याच सुमारास लंडनमधील एका गटानेही हे काम केले. रिकाम्या जागेचा ठिपका थोडा मंद असतो आणि हायड्रोजनचा थोडा अधिक उजळ, हे आता ओळखता आले. पण नुसत्या उजेडावर विश्वास कोण ठेवणार? त्यांनी ठिपक्यांची परीक्षाच घेतली. सुईला सुमारे ३ व्होल्टचा झटका दिला, की हायड्रोजन उडून जातो आणि तो ठिपका पुसला जातो. रिकामी जागा मात्र झटका देऊनही तशीच राहते. जो ठिपका जाईल तो हायड्रोजन, जो राहील ती रिकामी जागा. मग एकाच ठिकाणाची चित्रे लागोपाठ काढली. आधी तेथे मंद ठिपका होता. पाण्याचा रेणू आला आणि पुढच्या चित्रात त्याच जागी उजळ ठिपक्यांची जोडी दिसली. पाण्याचा रेणू तुटल्याचा पुरावा असा, आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून मिळाला.

मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वांत आवडतो. यंत्र बनवणे अवघड होतेच. पण हाती आलेल्या सुंदर चित्राला 'तू नक्की कोण?' असे विचारणे त्याहून अवघड होते. त्यासाठी आपल्याच जुन्या चित्रांचा अर्थ बदलावा लागला, तरी शास्त्रज्ञांनी तो बदलला.

सुईची आणखी एक करामत सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइडचे एक दुसरे रूप आहे, ॲनाटेज नावाचे. त्याच्या पृष्ठभागावर रिकाम्या जागा दिसतच नाहीत. त्या आत, पृष्ठभागाखाली लपून बसतात. २०१३ साली व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञांनी सुईवर जोराचा ऋण भार दिला आणि त्या लपलेल्या रिकाम्या जागा वर ओढून आणल्या! विहिरीत पडलेली बादली गळ टाकून वर काढावी, तशी त्यांनी 'काहीच नाही' ही वस्तू वर काढली.

आता आपण पुन्हा माणकाकडे जाऊ. ॲल्युमिनियम ऑक्साइडमधून वीज वाहत नाही. त्यामुळे विद्युतप्रवाहावर चालणारी सुई त्याच्यापुढे आंधळी ठरते. अशा पदार्थांसाठी दुसरे यंत्र आहे. बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गेर्बर यांनी ते १९८६ साली तयार केले. यातली सुई प्रवाह मोजत नाही, बल मोजते. सुईच्या टोकाचा अणू आणि खालचा अणू एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. ती ओढ किती, ते हे यंत्र सांगते. पुढे फ्रान्झ गीसिबल यांनी ही सुई मनगटी घड्याळात असतो तशा क्वार्ट्झच्या इवल्या चिमट्यावर बसवली. चिमटा सारखा थरथरत असतो. अणूची ओढ लागली, की त्याची थरथर किंचित बदलते आणि तेवढ्यावरून अणू ओळखता येतो.

ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पृष्ठभाग खूप तापवला, की त्याची रचना बदलते, हे अनेक दशके माहीत होते. ती नवी रचना कशी असते, याचे कोडे सुटत नव्हते. बहुतेकांचे मत असे होते, की उष्णतेने वरचा ऑक्सिजन निघून जातो, जागा रिकाम्या पडतात आणि ॲल्युमिनियम जास्त उरतो. टायटॅनियम डायऑक्साइडची गोष्ट वाचल्यावर तुम्हीही हेच म्हणाल. २०२४ साली व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी सुईच्या टोकाला ऑक्सिजनचा एकच अणू बसवला आणि ती या पृष्ठभागावरून फिरवली. टोकावरचा ऑक्सिजन खालच्या ऑक्सिजनला दूर ढकलतो आणि ॲल्युमिनियमकडे ओढला जातो. त्यामुळे कोणता अणू कोठे आहे, हे चित्रात वेगवेगळे कळले. गणित करून ते ताडूनही पाहिले. आणि काय आढळले? ऑक्सिजन कोठेही गेलेला नव्हता. वरच्या ॲल्युमिनियम अणूंनी फक्त आपली जागा बदलली होती. ते थोडे आत सरकून खालच्या ऑक्सिजनशी जोडले गेले होते. दोन ॲल्युमिनियममागे तीन ऑक्सिजन हे प्रमाण जसेच्या तसे होते. तेथे रिकामी जागा नव्हतीच.